ग्रीन कार्डच्या इंटरव्ह्यूची तयारी करून देणाऱ्या 'काकां'नी आमचे ३,०६५ डॉलर खाल्ले

लिहायला लाज वाटतेय, पण गेल्या आठवड्यात ओळखीतल्या अजून एका जोडप्याने त्याच माणसाला पैसे दिल्याचं कळलं आणि राहवलं नाही. आम्ही न्यू जर्सीत असतो, नवरा अमेरिकन सिटिझन, मी एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, लग्न मिरजेत झालेलं. २०२४ च्या जूनमध्ये आय-१३० (नवऱ्याने बायकोसाठी भरायचा अर्ज) आणि आय-४८५ (माझा ग्रीन कार्डचा अर्ज) एकत्र टाकले. त्याच एप्रिलपासून सरकारी फी वाढून ६७५ आणि १,४४० झालेली, त्यात माझ्या कंपनीत ले-ऑफ चालू, म्हणजे एक चूक झाली तरी सगळं परत, एवढंच डोक्यात.

हे काका पाडव्याच्या कार्यक्रमात भेटले. मराठी माणूस, सासूबाईंच्या ओळखीतून आलेला, "तुम्ही मुलं टेन्शन घेऊ नका" म्हणणारा. दोघंही शिकलेले असून कसे फसलात असं सगळे विचारतात. अहो, घरातल्या मोठ्यांनी आणलेल्या माणसाकडे लायसन्स कोण मागतं?

पॅकेज १,८५०. महापालिकेच्या मराठी मॅरेज सर्टिफिकेटच्या भाषांतराचे २४०, दोन पानांचे! दोन्ही भाषा येणारा कुणीही ते करू शकतो, खाली सही करून भाषांतर बरोबर आहे आणि मला दोन्ही भाषा येतात असं लिहून दिलं की झालं, हे नंतर कळलं. मॉक इंटरव्ह्यूचे ३७५. आणि केस लवकर पुढे सरकवायची 'एक्सपेडाइट फी' ६००. एक्सपेडाइटच्या विनंतीला सरकारची वेगळी फी नसतेच. सगळे पैसे झेल या बँकेच्या ॲपने, त्यांच्या बायकोच्या नावावर, आणि मेमोत 'गिफ्ट' लिहा म्हणाले. आम्ही लिहिलं.

पण मला खरं तिथे कळायला हवं होतं जेव्हा मी आय-४८५ वर सही करत होते. शेवटाकडे फॉर्म भरून देणाऱ्याचं नाव, पत्ता, सही असा भाग असतो, तो कोरा. मी बोट ठेवून विचारलं, काका इथे तुमची सही? तर म्हणाले, "अगं, तुम्ही स्वतः भरलाय असं दिसलं की ऑफिसरला बरं वाटतं." मी मान डोलावली! पेन हातात होतं, नवरा शेजारी होता, आणि मी मान डोलावली. अजून रात्री तेच आठवतं. जो माणूस पैसे घेऊन फॉर्म भरतो आणि सही करत नाही, तो तिथेच उठवून घालवायचा. वकील असेल तर जी-२८ (मी यांचा वकील आहे असं सांगणारा फॉर्म) देतोच, नाव राज्याच्या लायसन्सवाल्या वकिलांच्या यादीत ऑनलाइन सापडतं, पाच मिनिटांचं काम.

मॉकमध्ये शंभर प्रश्न पाठ करून घेतले, बेडच्या कुठल्या बाजूला कोण झोपतं वगैरे. हेच प्रश्न नेटवर फुकट पडलेत. आमच्या खऱ्या इंटरव्ह्यूत शपथ दिली, फॉर्मवरचे हो-नाहीचे प्रश्न एकेक वाचले, कसे भेटलात, लग्नाला कोण होतं, एवढंच विचारलं. पाठ करू नका, जॉइंट अकाउंट, लीज, इन्शुरन्सचे कागद नीट लावा.

इंटरव्ह्यूला चार दिवस असताना, काकांनी सरकारकडे पाठवलेल्या फाइलची कॉपी उघडली तर आत दोन ॲफिडेव्हिट, आम्ही कधी न पाहिलेल्या माणसांची. एकात लिहिलेलं की आम्ही बागेत अंगठ्या घातल्या तेव्हा ते हजर होते. आमचं लग्न कार्यालयात, अंतरपाट धरून, चारशे माणसांत झालं! दुसऱ्या कुणाच्या फाइलमधली पत्रं नावं बदलून घुसवलेली. आमचं लग्न शंभर टक्के खरं, आणि पुरावा खोटा. खोट्या कागदाने आयुष्यभराची बंदी लागू शकते. धावत खऱ्या वकिलाकडे गेलो, त्यांनी आम्ही होऊन ऑफिसरला लेखी सांगायला लावलं.

काकांचा फोन तेव्हापासून बंद. पोलीस म्हणाले हा सिव्हिल मॅटर. बँक म्हणाली पैसे तुम्हीच पाठवलेत आणि मेमोत गिफ्ट आहे. सरकारी हेल्पलाइनवर ४० मिनिटं रेकॉर्डेड आवाज, मग एक बाई म्हणाली तुमच्या केसचं विचारा, बाकीचं आमच्याकडे नाही. मग कुणाकडे आहे? ज्या खात्याकडे २३ पानांची तक्रार दिली, तिथून 'मिळाली' एवढी ईमेल, पाच महिने झाले. माणसाचं नाव, नंबर, अकाउंट सगळं हातात दिलंय, अजून काय हवं यांना? एफटीसी, म्हणजे फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या केंद्र सरकारच्या खात्याच्या साइटवरही नोंदवलंय, तुम्हीही नोंदवा. चॅटचे स्क्रीनशॉट आधी काढा, आमचे अर्धे त्याने डिलीट केले.

केस अजून रिव्ह्यूमध्ये आहे. आणि काल मंडळाच्या ग्रुपवर त्याच माणसाचं नवीन नंबरवरून 'कपल इंटरव्ह्यू तयारी' असं पोस्टर आलं. ॲडमिनना फोन केला, तर म्हणाले ताई, वैयक्तिक भांडणं ग्रुपवर नकोत.