‘कंटिन्यूअस’ कुठे गेलं?

माझे एकूण ९,२९८ रुपये गेले, तेही एकदम नाही, तीन हप्त्यांत: २,४९९, मग १,८००, मग ४,९९९. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला गणित घेतलेल्या मुलीला ही बेरीज वेळेवर करता आली नाही, म्हणून हे लिहितेय. सध्या जॅमची तयारी करणाऱ्यांनी निदान सतरावं गणित काय होतं तेवढं तरी वाचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जॅम म्हणजे आयआयटीत एमएस्सीला जाण्याची प्रवेश परीक्षा. तीन तास, ६० प्रश्न, १०० गुण. पहिल्या ३० प्रश्नांत चुकलं की एक तृतीयांश गुण कापतात. पुढच्या १० प्रश्नांत एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकतात आणि सगळे अचूक टिपले तरच गुण, अर्धवटाला शून्य. शेवटच्या २० मध्ये पर्यायच नाहीत, आकडा आपण टाकायचा. आम्हा कॉलेजच्या मुलांना घाबरवतात ती ही मधली दहा. वर्षभर पुस्तकातली प्रमेयं घोकून पाठ केलेली असतात, आणि इथे एकेक अट काढून घेतली तर काय उरतं ते विचारतात.

त्या भीतीवरच सगळा धंदा चालतो. २०२३ च्या ऑक्टोबरात टेलिग्रामवर एक चॅनेल दिसलं: ‘टॉप १०० मध्ये यायचं असेल तर हीच २०० गणितं’. नमुन्याची तीन गणितं फुकट होती आणि खरंच चांगली होती, ते नाकारत नाही. मी सांगलीत खोलीवर राहत होते. परीक्षा ११ फेब्रुवारीला. बाबांनी बेदाण्याच्या पैशातून क्लाससाठी म्हणून दिलेले होते, त्यातले २,४९९ पाठवले. पाच मिनिटांत पीडीएफ आली. ॲडमिनला सगळे ‘सर’ म्हणायचे. तो हिंदीत बोलायचा, मला ‘बेटा’ म्हणायचा.

आता सतरावं गणित. एक फंक्शन आहे. कुठल्याही दोन संख्यांच्या बेरजेवर त्याची किंमत म्हणजे त्या दोन संख्यांवरच्या किमतींची बेरीज. १ वर त्याची किंमत ३ आहे. तर √२ वर किती? पर्याय चार, आन्सर की म्हणते ३√२.

बघायला पोरखेळ वाटतो. २ वर ६, ५ वर १५, अर्ध्यावर दीड. कुठलाही अपूर्णांक घ्या, तिप्पट येते. पण √२ अपूर्णांक नाही. मी १.४ घेतलं, ४.२ आलं. १.४१ ला ४.२३, १.४१४ ला ४.२४२. चाललंय ३√२ कडेच, हे डोळ्यांना दिसत होतं. पण नेमकी √२ वर उडी कशाच्या जोरावर मारायची? फंक्शन तिथे भलतीच किंमत घेत नाही कशावरून? चार रात्री. वहीची अकरा पानं. खोलीतली मैत्रीण म्हणाली, उत्तर आलंय ना, मग पुढे जा की. मला जाता येईना.

सरांना मेसेज केला. उत्तर आलं, ‘बेटा, ये टॉपर लेव्हल है. सोल्यूशन प्रीमियम में मिलेगा.’ प्रीमियम १,८०० ला. आणि एक वाक्य वर, जे मला जास्त लागलं: ‘इतना नहीं हो रहा तो जॅम में क्या करोगी.’ दिले १,८००.

सोल्यूशन तीन ओळींचं होतं. दुसऱ्या ओळीत लिहिलं होतं, फंक्शन कंटिन्यूअस असल्यामुळे. कंटिन्यूअस म्हणजे अखंड, ज्याचा आलेख मध्ये कुठे तुटत नाही असं.

मी प्रश्न परत वाचला. मग बोट ठेवून वाचला. कंटिन्यूअस हा शब्द प्रश्नात कुठेही नव्हता.

दुसऱ्या दिवशी प्रिंट घेऊन आमच्या सरांकडे गेले (खरे सर, कॉलेजातले). त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद नाकाशी धरला आणि म्हणाले, ‘अगं, कंटिन्यूअस कुठे गेलं?’ मग सांगितलं ते असं: हे समीकरण फ्रेंच गणितज्ञ कोशीचं, १८२१ सालचं. कंटिन्यूअस म्हटलं की उत्तर एकच, सरळ रेषा. तो शब्द काढला तर √२ वर वाटेल ती किंमत घेणारी फंक्शनं निघतात, हे जर्मन गणितज्ञ हामेलनं १९०५ साली दाखवलं. ‘म्हणजे तू चार रात्री जे सिद्ध करत होतीस, ते खरंच नाही. तुला जमलं नाही हे बरंच झालं.’ मला तिथेच रडू आलं, आणि सरांना वाटलं पैशांसाठी रडतेय.

त्या रविवारी दोनशेच्या दोनशे गणितं लावून बसले. १२० च्या आसपास जॅमच्याच जुन्या पेपरांतली निघाली. ते पेपर आणि त्यांच्या अधिकृत उत्तरसूची जॅमच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, लॉगिनसुद्धा लागत नाही. ३० गणितं कॉम्प्लेक्स ॲनॅलिसिसची, जे जॅमच्या गणिताच्या अभ्यासक्रमात नाहीच. उरलेली पुस्तकांतून उचललेली. आणि अकरा गणितांत नेमका एकेक शब्द गायब. एकात ‘ॲबेलियन’ (क्रम बदलला तरी उत्तर तेच येणारा गट) नाही. एकात ‘क्लोज्ड’ (दोन्ही टोकं धरून) नाही: इंटरव्हलवरचं कंटिन्यूअस फंक्शन कमाल किंमत गाठतंच, असं म्हणे सिद्ध करा. ० आणि १ च्या मधल्या उघड्या इंटरव्हलवर १ भागिले क्ष घ्या, कुठली कमाल आणि कुठलं काय! टायपिंगची चूक असेल तर कधी अल्पविराम गळावा, कधी आकडा. अकराही वेळा अटच गळावी, आणि अकरांचीही सोल्यूशनं प्रीमियममध्येच असावीत? माझं मत स्पष्ट आहे, गणित न सुटणारं केलं की सोल्यूशन विकलं जातं.

इथे थांबले असते तर ४,२९९ वर भागलं असतं. पण मी तावातावाने ॲडमिनला अकरा गणितांची यादी पाठवली आणि पैसे परत मागितले. तो इतका नरम आला की मलाच वाईट वाटलं. ‘सॉरी बेटा, टीम की गलती.’ भरपाईचे ७०० धरून ४,९९९ परत करतो म्हणाला, आणि क्यूआर पाठवला. मी एसटी स्टँडवर उभी होते, तासगावची गाडी लागत होती. स्कॅन केलं, आकडा आधीच भरलेला होता, पिन टाकला. बँकेचा मेसेज आला, ४,९९९ डेबिट. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन फक्त द्यायला लागतो, हे मला माहीत होतं. आईला मीच शिकवलं होतं. चिन्ह ऋण की धन एवढंसुद्धा बघितलं नाही.

चॅट उघडलं तर रिकामं. टेलिग्रामवर समोरचा माणूस दोन्ही बाजूंचे मेसेज पुसू शकतो, हे तेव्हा कळलं. म्हणून पैसे पाठवताना नव्हे, बोलणं चालू असतानाच स्क्रीनशॉट काढत जा. माझ्याकडे फक्त बँकेतले तीन व्यवहार क्रमांक उरले होते. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन तिसऱ्या दिवशी केला, कारण दोन दिवस बाबांना काय सांगायचं याच विचारात गेले. फोनवरच्या बाईंनी सगळं नीट लिहून घेतलं, पण पहिलं वाक्य तेच, ‘लगेच का नाही केलात?’ पैसे खात्यातून खात्यात पुढे सरकायच्या आत कळवलं तर गोठवता येतात. माझे सरकले होते. सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार आहे, क्रमांक आहे, पैसे नाहीत.

बाबा रागावले नाहीत. ‘द्राक्षाला व्यापारी बुडवतो, तुला हा भेटला,’ एवढंच म्हणाले.

शेवटचे दोन महिने जुने पेपर घड्याळ लावून सोडवले. अडलं की आधी प्रश्नातल्या अटी पेन्सिलीने गोल करायच्या आणि एकेक झाकून बघायचं, उत्तर कोलमडतं का. ही सवय त्या अकरा गणितांनीच लावली, त्याचं श्रेय मी त्या माणसाला देणार नाही.

गेल्या वर्षी कॉलेजच्या वाचनालयात एक ज्युनिअर मुलगा शेजारी बसला होता. समोर गुळगुळीत कागदावरची प्रिंट, वर वेगळ्याच चॅनेलचं नाव, ‘टॉप ५० साठी ३०० गणितं’. सतरावं गणित आता चोविसावं झालं होतं. त्याच्या वहीत १.४, १.४१, १.४१४ असं उतरत गेलेलं. मी त्याचं पेन मागितलं आणि प्रश्नात ‘फंक्शन’च्या आधी बाण काढून तो शब्द लिहिला. त्यानं वाचलं, आणि विचारलं, ‘ताई, सोल्यूशनचे पैसे आजच भरलेत. आता काय करू?’

मी फोन काढून १९३० लावला आणि त्याच्या हातात दिला.