स्मोकरला दुसरी कॉइल बसवली, सीझनभर वापरून झाल्यावरचा अनुभव

मालवणात मासळी स्मोक करणाऱ्यांसाठी लिहितोय. आमचा स्मोकर, म्हणजे मासळीला धुरी द्यायची विजेची पेटी, त्यात तापायची कॉइल ८०० वॅटची, कागदावर ठीक आहे, पण संध्याकाळी इथे व्होल्टेज १८० च्या आसपास येतं आणि कॉइलची पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या (स्क्वेअरच्या) प्रमाणात पडते, म्हणजे २३० ला ८०० वॅट देणारी कॉइल १८० ला जेमतेम ४९० देते. त्यात मिठाच्या पाण्यातून काढलेले ओले बांगडे भरले की पेटी तापायलाच तयार नाही. बांगड्याच्या बाबतीत हे साधं प्रकरण नाही बरं का, कोमट राहिला की त्यात हिस्टामिन तयार होतं आणि ते नंतर कितीही शिजवलं तरी जात नाही, खाणाऱ्याचं अंग लाल होतं, डोकं दुखतं. म्हणून मासा लवकर तापून आतून ६३ डिग्रीला पोचलाच पाहिजे आणि तिथे अर्धा तास टिकला पाहिजे.

म्हणून दुसरी ८०० ची कॉइल पॅरलल लावली. दोन्ही मिळून २३० ला ७ अँपियर जातात, त्यामुळे पॉवर प्लग लागतो आणि थर्मोस्टॅटच्या आतल्या बारक्या स्विचवर (रिलेवर) हा लोड टाकायचा नाही, कॉन्टॅक्ट जळून चिकटतात आणि मग हीटर बंदच होत नाही. आमच्या वायरमनने थर्मोस्टॅटवर फक्त कॉन्टॅक्टर (जड लोड पेलणारा विजेवर चालणारा स्विच) चालवला, कॉइलचा करंट कॉन्टॅक्टरमधून आणि ओव्हरहीटचा कटआऊट दोन्ही कॉइलना लागू. पेटीच्या आत साधी पीव्हीसी वायर अजिबात नको, फायबर स्लीव्हची वायर आणि चिनीमातीचे कनेक्टर वापरा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दुसऱ्या कॉइलला स्वतंत्र स्विच ठेवाच. दोन्ही कायम चालू ठेवल्या तर पेटी पटकन तापते, थर्मोस्टॅट सारखा कट मारतो आणि धुरासाठी लाकूड ठेवतो त्या ट्रेखालची पहिली कॉइल बंद राहिली की धूरच मरतो, मग मासा नुसता भाजलेला लागतो. मी सुरुवातीला आणि दार उघडून मासे उलटल्यावर दुसरी लावतो, तापमान सावरलं की बंद. मग खालची एकटी बराच वेळ चालू राहते आणि पेरूचं सुकं लाकूड छान धुमसत राहतं. आता बांगड्याच्या पाठीचा रंग सगळीकडे एकसारखा सोनेरी येतो, पूर्वी मागच्या रांगेतले फिकट राहायचे. सुरमईच्या जाड तुकड्यांना तर याचा फारच फायदा झालाय.

जून-जुलैच्या मासेमारी बंदीत स्मोकर पडून असतो, तेव्हा मात्र लक्ष द्या. कॉइलच्या नळीत मॅग्नेशियम ऑक्साइडची पावडर असते, ती टोकांतून दमट हवा शोषते आणि ऑगस्टात पहिल्यांदा लावलं की ३० मिलीअँपियरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) उडते. वैतागून कुणी आरसीसीबी बायपास करू नका, ओल्या पडवीत जीव जाईल. कॉइल काढून ओव्हनमध्ये ११०-१२० डिग्रीला काही तास सुकवायच्या, वायरमनकडून मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून बघायचं आणि मगच बसवायच्या. खाऱ्या हवेने टर्मिनलचे नट गंजतात, स्टेनलेस स्टीलचे घातले तर जास्त टिकतात, अर्थिंगचा नट मात्र दर वेळी हाताने तपासायचाच.