खपलीच्या पिठाचे अठरा हजार

औशाजवळ माझं बी-बियाणं आणि खताचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. बांधावरून ओंबी बघून मी गव्हाचं वाण सांगतो. असा माणूस चार महिने 'ग्लुटेन फ्री', म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन नसलेलं पीठ म्हणून गहूच विकत घेत होता, २४० रुपये किलोनं. पाहुण्यांत सांगायची लाज वाटते, म्हणून इथं लिहून टाकतो.

आमची थोरली तेव्हा अकरावी सायन्सला होती. रोज बसनं लातूरला क्लासला जायची. दहावीपासूनच तिचं बिनसलं होतं. तोंड सारखं यायचं, पोट फुगायचं, आठवड्यातून दोन-तीनदा पातळ संडास, जिना चढली की धाप. हिमोग्लोबिन ७.६. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, सहा महिने इमानदारीत घेतल्या, तरी आठाच्या पुढं काटा सरकेना. माय म्हणायची, "लेकराला दिष्ट लागली." मी म्हणायचो, अभ्यासाचा ताण. लातुरात अकरावीच्या लेकराला काहीही झालं तरी ताणच म्हणतात.

श्रावणात दुकानावर एक पॅम्प्लेट आलं. रक्ताचा थेंबही न काढता पूर्ण शरीराची तपासणी, ४०० रुपयांत. ठिकाण मंगल कार्यालय. गेलो. पांढऱ्या कोटातल्या पोरानं लेकीच्या मुठीत पितळेची नळी दिली, नळीची वायर डबीत, डबीची लॅपटॉपला. दोन मिनिटं पडद्यावर रंगीत पट्ट्या हालल्या आणि ४१ पानांचा रिपोर्ट बाहेर आला. आतल्या टेबलावर 'सर' बसले होते. त्यांनी पानं चाळली, लेकीकडं बघितलं आणि म्हणाले, "मालक, हिला गहू चालत नाही. ग्लुटेनची ॲलर्जी आहे."

आता नीट ऐका. गहू चालत नाही, एवढं त्यांचं बरोबर निघालं. मशीनमुळं नाही. फिकट चेहऱ्याची, पोट फुगलेली, तोंड आलेली पोरगी समोर बसली होती आणि आल्या-आल्या आम्हीच सगळं सांगितलं होतं. शिवाय त्या दिवशी रांगेतल्या निम्म्या लोकांना गहूच बंद सांगितला होता. पण गहू म्हणल्यावर बायकोच्या डोक्यात उजेड पडला. आठ दिवस मामाकडं फक्त भाकरी खाऊन राहिली तेव्हा पोरगी बरी होती! तिथंच आम्ही गळाला लागलो. निदान पटलं म्हणून पुढचं सगळंच पटत गेलं.

पुढचं म्हणजे कॅप्सूल, महिन्याला ३,२०० रुपयांच्या, 'आतडं धुऊन काढणाऱ्या'. आणि महिन्याला पाच किलो पीठ, १,२०० रुपये. पाकिटावर ठळक 'ग्लुटेन फ्री खपली आटा'. मी विचारलं, "सर, खपली म्हणजे गहूच की." ते हसले. "मालक, हा मूळचा, जुना गहू. ग्लुटेन संकरित गव्हात आलंय. पूर्वजांना कुठं होती ॲलर्जी?" जुनं ते चांगलं, हे माझ्यासारख्याला लगेच पटतं. दुकानात हायब्रीड विकतो आणि घरी गावरान शोधतो, अशी आमची जात.

चार महिने घरात दोन पीठं, दोन डबे. लेकीची पोळी खपलीची. तिचं पोट तसंच. फोन केला की सर म्हणायचे, "विष बाहेर पडतंय, थोडा त्रास वाढणारच." मार्गशीर्षात ती क्लासमध्ये चक्कर येऊन पडली, तेव्हा लातूरच्या पोटविकाराच्या डॉक्टर मॅडमकडं नेलं. मी पाकीट सोबत घेतलं होतं, काय घेऊन गेलो याचा अभिमानच होता जणू.

मॅडमनी पाकीट उलटसुलट बघितलं. "तुमचं शेतीचं दुकान आहे ना? खपली काय असते, सांगा बरं."

"गहू."

"मग?"

त्या 'मग'ला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

त्यांनी समजावलं ते असं. खपली असो, बन्सी असो की लोकवन, सगळ्या गव्हात ग्लुटेन असतं. सातूत असतं, आपल्याकडं न पिकणाऱ्या राय नावाच्या धान्यातही असतं. आजाराचं नाव सिलियाक. हा अपचनाचा प्रकार नाही, ॲलर्जीही नाही. ग्लुटेन पोटात गेलं की शरीराची संरक्षणव्यवस्था आपल्याच लहान आतड्यावर उठते, आतली बारीक लव झडते आणि लोह शोषायला जागाच उरत नाही. गोळ्या का लागू पडत नव्हत्या, ते तेव्हा कळलं. उत्तरेत गहू जास्त खातात, तिकडं हा आजार डॉक्टरांच्या चटकन लक्षात येतो. आपल्या ज्वारीच्या मुलखात उशीर होतो. तपासणी रक्ताची, टीटीजी म्हणतात, त्यात आजाराची प्रतिपिंडं मोजतात; सोबत एकूण आयजीए, हा प्रतिपिंडांचाच एक प्रकार. टीटीजी वाढलेली आली, मग दुर्बिणीनं आतड्याचा तुकडा तपासून पक्कं केलं.

इथं एक उलटं घडलं. ही तपासणी माणूस गहू खात असतानाच करायची असते. आधीच बंद केला तर रक्त स्वच्छ दिसू शकतं आणि आजार झाकून जातो. आम्ही गहू बंद केला असं समजत होतो, पण ठगानं गहूच खाऊ घातला म्हणून तपासणी खरी आली. त्याचे आभार मानू की काय करू! तेव्हा कुणी सांगितलं म्हणून परस्पर गहू सोडू नका, आधी रक्त तपासून घ्या.

मॅडमनी तो ४१ पानांचा रिपोर्टही मागितला. एका पानावर त्या थांबल्या आणि काही न बोलता कागद माझ्याकडं फिरवला. माझ्या सोळा वर्षांच्या लेकीची, फक्त पुरुषांना असणारी प्रोस्टेट ग्रंथी 'किंचित वाढलेली' होती. पोरानं वय ६१ टाकलं होतं आणि पुढं पुरुष. चार महिने तो रिपोर्ट कपाटात होता, आमच्यापैकी कुणी तो वाचला नव्हता.

घरी येऊन पाकीटही पहिल्यांदा वाचलं. खाण्याच्या वस्तूवर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेचा परवाना क्रमांक १४ आकडी असतो. यावर मोजले तर तेरा. ग्लुटेन फ्री लिहायचं तर किलोमागं २० मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन असावं लागतं. हे तर सरळ गव्हाचं पीठ. सरांचा नंबर बंद. ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवली आहे. पैसे येतील ही आशा मी सोडलीय: १२,८०० कॅप्सूलचे, ४,८०० पिठाचे, ४०० मशीनचे.

खरा उपाय फुकटात होता आणि घरातच होता. ज्वारी, बाजरी, तांदूळ, नाचणी, भगर, राजगिरा. मायला तर हसूच आलं. तिच्या लहानपणी पोळी सणालाच व्हायची. पण नुसती भाकरी थापून भागत नाही. गिरणीत गव्हावर ज्वारी दळली की पिठात गहू येतोच, म्हणून घरघंटी घेतली. पोळपाट, चाळणी, तवा वेगळा. आमच्या येसरात, म्हणजे आमटीला लावायच्या मसाल्याच्या पिठात, गहू भाजून घालतात, तो आता तांदूळ-ज्वारीचा. धपाट्यातली मूठभर कणीक गेली. हिंगानं तर चकवलंच. डबीवर बारीक अक्षरात मैदा लिहिलेला होता आणि आम्ही रोज वरणाला त्याचीच फोडणी देत होतो. 'ज्वारीची बिस्किटं' आणली, घटकांत पहिला शब्द मैदा. रक्ताच्या नात्यात हा आजार असू शकतो म्हणून आम्हा तिघांचीही तपासणी केली, आमचं ठीक निघालं.

वेळ अमावस्येला शेतात गेलो तेव्हा तिनं भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबिल पोटभर खाल्लं. गव्हाची खीर आली तेव्हा आत्या म्हणाली, "सणाचं आहे, एक वाटीनं काय होतंय?" लेकीनं वाटी तिच्याकडं परत सरकवली आणि आंबिलाचा तांब्या ओढला.

गहू सुटून आता सात महिने झालेत. हिमोग्लोबिन ११.४.

गेल्या आठवड्यात दुकानात एक गिऱ्हाईक पॅम्प्लेट घेऊन आलं. निलंग्यात शिबिर, संस्थेचं नाव वेगळं, फोटोतला पांढरा कोट तोच. मी त्याला प्रोस्टेटचं पान दाखवलं. ते आता काउंटरच्या काचेखालीच असतं. लेकीनंच लावायला सांगितलं, "पप्पा, फक्त माझं नाव झाका," म्हणाली. बियाण्याची पावती फाडेपर्यंत लोक ते वाचतात, वय विचारतात, मी सांगतो सोळा.