१२ किलोवॉटचा हीट पंप, १५ महिन्यांनंतर: वाढत्या अंगाचा सदरा

गेल्या जानेवारीत पहाटे उठलो तर पायाखालची फरशी गार. तळघरात जाऊन पाहिलं, हीट पंपाच्या डिस्प्लेवर लाल त्रिकोण: पाण्याचा प्रवाह कमी. राहायला येऊन जेमतेम तीन महिने झालेले, बाहेर उणे ३. इन्स्टॉलरचा माणूस तिसऱ्या दिवशी उगवला. भिंती जाड म्हणून घराने १७ अंशांवर तग धरला होता. त्याने रीसेटचं बटण दाबलं, ‘आता चालेल’ म्हणाला आणि गेला. बिल १४० युरो. आठवड्याने पुन्हा लाल त्रिकोण. या खेपेला बटण मीच दाबलं, फुकटात.

घर जर्मनीत श्टुटगार्टजवळ, १५० चौरस मीटर, सगळीकडे फरशीखाली गरम पाण्याचे पाइप, माणसं चार. मशीन बाहेरच्या हवेतून उष्णता घेऊन पाणी तापवणारं, प्रोपेनवालं (तो जळत नाही, फ्रिजमधल्या गॅससारखा आत फिरतो). कंपनीचं नाव घेत नाही. दोष मशीनचा कमी आणि निवडणाऱ्यांचा जास्त, आणि त्या निवडणाऱ्यांत मीही होतो.

इन्स्टॉलर म्हणाला होता, ‘१२ किलोवॉटचा घ्या. कडाका पडला तर? पाहुणे आले तर?’ मला लगेच पटलं. शाळेचा सदरा वाढत्या अंगाचा घ्यायचा, हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं. सात किलोवॉटच्या मशीनपेक्षा २,३०० युरो जास्त मोजले आणि वर समाधान की भक्कम वस्तू घेतली. घर वाढत नसतं, हे तेव्हा सुचलं नाही.

गंमत म्हणजे खरा आकडा माझ्याच फायलीत होता. बांधकामाच्या कागदांत हाइत्सलास्टचा, म्हणजे घराला किती उष्णता लागते त्याचा हिशेब असतो. इथे तो डीआयएन ईएन १२८३१ या मानकाप्रमाणे खोलीनिहाय करतात. आमच्या कागदावर लिहिलेलं: बाहेर उणे १२ असताना ६.१ किलोवॉट. गरम पाण्यासाठी माणशी पाव किलोवॉट धरा, झाले सात. तो कागद मी उघडला फेब्रुवारीत.

आता उणे १२ किती दिवस असतं? आमच्या पहिल्या हिवाळ्यात एकदाही नाही. बहुतेक हिवाळा ० ते ७ अंशांत जातो. बाहेर ७ अंश असताना घराला लागतात अडीच किलोवॉट. ‘इन्व्हर्टर आहे, वेग कमी-जास्त होतो, हवं तेव्हा हळू चालेल,’ हे वाक्य मलाही ऐकवलं होतं. पण हळूलाही तळ असतो. या मशीनचा तळ त्या हवेत साडेचार किलोवॉट. म्हणजे ते सुरू होतं, पाणी भराभर तापतं, बंद पडतं, पुन्हा सुरू होतं. आई साताऱ्याहून आली होती. पंपाच्या अंगणातल्या डब्यासमोर हात धरून म्हणाली, ‘अरे, हे घर तापवतंय की अंगण गार करतंय?’ तांत्रिकदृष्ट्या दोन्ही करतंय, पण त्या दिवशी मला हसू आलं नाही.

मग मला मीटरचं वेड लागलं. मेन्यूत खोल कुठेतरी दोन आकडे सापडतात: कॉम्प्रेसर किती वेळा सुरू झाला आणि किती तास चालला. चार महिन्यांत ४,२१२ वेळा, १,१८० तास. दिवसाला ३४ स्टार्ट, दर वेळी सरासरी १७ मिनिटं. कॉम्प्रेसर जास्त झिजतो तो सुरू होताना. मी वही घातली. रात्री झोपण्याआधी तळघरात जाऊन आकडा लिहायचा. बायको म्हणाली, ‘बाळाची नॅपीसुद्धा इतक्या निष्ठेने मोजली नव्हतीस.’ सगळ्यात चांगले दिवस कुठले, तर कडाक्याचे. उणे ८ ला मशीन दिवसभर एका लयीत गुणगुणत चाललं. थंडी ओसरली की माझं ब्लडप्रेशर वाढल्यासारखं होई.

इथवर माझं मत ठरलेलं होतं: चुकीचं मशीन, इन्स्टॉलरला धरायचं. ते मत निम्मं बदललं शेजारच्या आजोबांमुळे. निवृत्त प्लंबर, अस्सल श्वाबियन, म्हणजे याच भागातले. काटकसरीत हे लोक आपल्या सदाशिव पेठेला हरवतील. त्यांनी मशीनकडे बघितलंसुद्धा नाही. जिन्याखालची पत्र्याची पेटी उघडायला लावली. आत खोल्यांकडे जाणाऱ्या पाण्याच्या अकरा पारदर्शक नळ्या, प्रत्येकीत प्रवाह दाखवणारा लाल काटा. सहा काटे शून्यावर. प्रत्येक खोलीचा थर्मोस्टॅट आपापली खोली २१ अंश झाली की तिचं पाणी बंद करत होता. मशीन मोठं आणि उष्णता टाकायला पाच नळ्या. बाहेरच्या युनिटवरचा बर्फ वितळवायला मशीन हीच फरशीतली उष्णता परत ओढतं. तेव्हा पाणी कमी पडायचं, म्हणून लाल त्रिकोण. १४० युरोवाल्याने ही पेटी उघडलीच नव्हती.

आजोबांनी सगळे थर्मोस्टॅट ३० वर न्यायला सांगितलं. मला वाटलं घराची भट्टी होणार. पण सोबत पाण्याचं तापमान उतरवायचं होतं. ते मी रोज एक-एक अंश ४० वरून ३२ वर आणलं. झोपायची खोली तापायला लागली तेव्हा तिची नळी हाताने थोडी आवळली. आंघोळीच्या टाकीचं पाणी ५५ वरून ४८. बाहेर साधारण २ अंश असलेल्या दिवशी आधी विजेची २६ युनिट जायची, आता २०. मला युनिटला ३० सेंट पडतात, म्हणजे अशा दिवशी एक युरो ऐंशी सेंट वाचतात. लाल त्रिकोण त्यानंतर आलेला नाही.

म्हणून मशीन वाईट म्हणवत नाही. आवाज कमी, गरम पाणी भरपूर, बर्फ वितळवताना वाफेचा ढग उठतो तोही आता ओळखीचा झालाय. पण ७ अंशांचा प्रश्न आहे तिथेच आहे. मार्चमध्ये आणि नोव्हेंबरात अजून दिवसाला पंधरा-पंधरा स्टार्ट होतात. तो सेटिंगने जात नाही, कारण साडेचारचा तळ कुठल्याच मेन्यूत खाली सरकत नाही. इन्स्टॉलरला हाइत्सलास्टचा कागद पाठवला तर उत्तर आलं, २०० लिटरची बफर टाकी (जादा गरम पाणी साठवणारी) बसवा, १,८०० युरो. म्हणजे सदरा ढगळ आहे तर आत स्वेटर घाला. नाही बसवली.

समोरच्या प्लॉटवर कोल्हापूरचं एक जोडपं घर बांधतंय. त्यांच्या कोटेशनवरही १२च आहे. त्यांना पहिलं काम सांगितलं, आपला कागद शोधा. त्यांचा आकडा निघाला ५.४.

स्टार्टचं आजचं रीडिंग ६,३४७. पहिल्या चार महिन्यांत ४,२१२, पुढच्या अकरा महिन्यांत २,१३५. रीसेटचं ते १४० युरोंचं बिल परत मागायला तीन पत्रं टाकली, उत्तर एकालाही नाही. चौथं आज रात्री लिहितोय.