पद्मिनीचा कार्ब्युरेटर आणि माझे १९,६५० रुपये

घरी अजून बारा हजारच सांगितलेत, कारण तेवढेच फोनवरून गेले होते. उरलेले ७,६५० रोख दिले. पावती अर्थातच नाही.

गाडी वडिलांची, १९८४ ची प्रीमियर पद्मिनी. एप्रिलात होटगी रोडवर दोनदा बंद पडली. सोलापूरच्या उन्हात पेट्रोलचा पंप तापतो, पेट्रोलची पाइपातच वाफ होते, ओलं फडकं टाकून थोडं थांबलं की गाडी चालू होते, हे आम्हाला लहानपणापासून माहीत. या वेळी फडक्यानं भागलं नाही. त्यात आठवड्यावर पुतणीचं लग्न, आणि नवरी याच गाडीतून जाणार असं मीच सगळ्यांना सांगून बसलेलो. घाई होती हो, मूर्ख नव्हतो.

गॅरेजवाला गोड बोलायचा. "काका, हे वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल आलंय ना, त्यानं सगळं खाल्लंय की ओ." यात खोटं काय होतं? इथेनॉल जुनं रबर खराब करतं, पाणी ओढतं, टाकीला गंज चढतो, हे मीच चार जणांना सांगत फिरत होतो. माझंच ज्ञान त्यानं मला विकलं. टाकी धुऊन आतून कोटिंग ४,५००, नवा पंप ३,८००, सोलेक्स कंपनीचा कार्ब्युरेटर (इंजिनाला पेट्रोल-हवा मिसळून देणारा भाग) "पुण्याला पाठवून फुल रिबिल्ड" ९,५००, पाइप ६५०, मजुरी १,२००. सगळा हिशेब कोऱ्या कागदावर. कच्च्या बिलावर काम देऊ नका, कितीही ओळखीचा असो.

चौथ्या दिवशी कार्ब्युरेटर आला तो नव्या भांड्यासारखा चकाकत. वडिलांनी त्याच्या झाकणावर पंचानं तीन ठिपके ठोकले होते. का? तर गॅरेजवाले माल बदलतात म्हणून! ते ठिपके नव्हते. मी विचारलंसुद्धा. तो म्हणाला, "ब्लास्टिंगमध्ये जातात काका खुणा." आणि मी मान डोलावली. ठोकलेला खड्डा वाळूच्या फवाऱ्यानं जातो का? त्या एका मिनिटाचा विचार करत मी रात्र रात्र जागलोय. जुना पंप मागितला, तर "भंगारात गेला". त्यावरही मी गप्प. काढलेला प्रत्येक भाग त्याच दिवशी घरी आणा, गंजलेला असला तरी.

लग्नाच्या दिवशी गाडी सात रस्ता चौकात बंद पडली. नवरी रिक्षातून कार्यालयात पोचली.

नंतर एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी सगळं खोललं. "नवा" पंप म्हणजे माझाच जुना, वरून चंदेरी रंग मारलेला. आतला पडदा कडक होऊन चिरलेला. कार्ब्युरेटर भलत्याच गाडीवरचा. त्याचा स्पिंडल, म्हणजे आतली झडप फिरवणारा दांडा, बोटानं हलत होता. तिथून हवा ओढली जाते, मग गाडी उभी असताना इंजिन कुठलं स्थिर चालणार? टाकीत बॅटरी मारली तर गंज तसाच. पंपाचं किट आणि एक पाइप एवढंच मुळात लागणार होतं. मिस्त्रींनी ४५० रुपये घेतले.

चौकीत तीन चकरा मारल्या. पहिल्यांदा "साहेब बंदोबस्ताला". दुसऱ्यांदा "हे सिव्हिल मॅटर आहे, ग्राहक न्यायालयात जा". तिसऱ्यांदा साहेब भेटले. "गाडी चालते ना? मग फसवणूक कसली? कार्ब्युरेटरला काय चेसी नंबर असतो?" अर्ज घेतला, पोच दिली नाही. मागितली तर माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच चोर. बाहेर पडताना हवालदार मागून येऊन हळूच विचारतो, "काका, पद्मिनी विकायची आहे का?" ग्राहक न्यायालयाचं विचारायला गेलो, तर पहिला प्रश्न, बिल कुठंय? बारा हजार फोनवरून गेले म्हणून निदान तेवढा पुरावा तरी आहे. रोख देऊच नका.

गाडी सोडण्याआधी बॉनेट उघडून एकेका भागाचे फोटो काढा. मी काढले नव्हते. वडिलांचे तीन ठिपके फोटोपेक्षा पक्के वाटले होते मला.

परवा एका जाहिरातीत सोलेक्स दिसला, "ओरिजिनल, १४,००० फिक्स". झाकणावर त्रिकोणात तीन ठिपके. फोन लावला, बंद. फोटो घेऊन चौकीत गेलो, तर "फोटोवरून काय सिद्ध होतं?"

तो कार्ब्युरेटर कुणाला दिसला तर घेऊ नका. आधी मला कळवा.