सीलचं रबर निवडताना: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

मशीन गळायला लागलं की त्याच साइजची दुसरी काळी ओ-रिंग, म्हणजे सांध्यातली गळती रोखणारी रबराची गोल कडी, बसवायची, बोल्ट आवळायचे आणि पुढच्या कामाला लागायचं. देखभालीच्या कामात मीही कित्येक वर्षं हेच केलं. गेल्या अकरा महिन्यांत मात्र कुठल्या जागी कुठलं रबर बसवलं, कधी बसवलं आणि काढलं तेव्हा ते कसं निघालं, हे वहीत लिहीत गेलो. गरम पाण्याचा पंप, हायड्रॉलिक प्रेस, वाफेचा व्हॉल्व्ह आणि उघड्यावरच्या पॅनेलचं झाकण, अशा चार जागा होत्या.

सगळ्यात जास्त शिकवलं ते पंपाने. पाणी ९० अंश सेल्सिअसच्या आसपास असतं आणि आधी तिथे नायट्राइल या नेहमीच्या काळ्या रबराची रिंग होती, कारण रबरांच्या तापमानाच्या तक्त्यात नायट्राइलपुढे १०० अंश लिहिलेलं असतं. आकडा खोटा नाही. पण तेवढ्या उष्णतेत, त्याच पाण्यात, रबर किती महिने उसळी धरून राहील हे त्या आकड्यात नसतं. पाच महिन्यांनी पंप उघडला तेव्हा रिंग खाचेतून अलगद निघाली. गोल राहिलीच नव्हती, दोन्ही बाजूंनी चपटी झाली होती आणि नखाने दाबलं तर वण उठत नव्हता.

नवी असताना तिची जाडी ५.३३ मिलिमीटर होती. खाचेची खोली ४.३, म्हणजे बसवताना साधारण एक मिलिमीटर दाब. काढून अर्धा तास तशीच ठेवली आणि व्हर्नियर लावला, तर ४.५ भरली. दाबलेल्या एका मिलिमीटरातलं ०.८ परत आलंच नाही. यालाच कॉम्प्रेशन सेट म्हणतात आणि इथे तो ८० टक्क्यांच्या घरात होता. रबर नुसतं फट बुजवत नाही, ते मूळ आकारात यायला धडपडतं आणि त्या धडपडीमुळेच धातूला घट्ट भिडून राहतं. धडपड संपली की फट बुजलेली दिसते, पण पाणी थांबत नाही.

त्याच जागी मग ईपीडीएम नावाचं दुसऱ्या जातीचं कृत्रिम रबर आणलं आणि पहिल्याच वेळी माझ्याकडून चूक झाली. रिंग खाचेत नीट सरकावी म्हणून तिला बेअरिंगचं नेहमीचं ग्रीस चोपडलं. दोन आठवड्यांत पुन्हा थेंब पडायला लागले. उघडून पाहिलं तर रिंग फुगून खाचेबाहेर आली होती आणि फ्लँजच्या कडेने कापली गेली होती. ईपीडीएम आणि खनिज तेल यांची जडणघडण एकाच जातीची, दोन्ही नुसते हायड्रोकार्बन, त्यामुळे रबर तेल पिऊन घेतं. नायट्राइलमध्ये ॲक्रिलोनायट्राइल असतं, ते तेलाला आत येऊ देत नाही. त्याचं प्रमाण ग्रेडनुसार साधारण १८ ते ५० टक्के असतं. ते जितकं जास्त तितकं रबर तेलाला पक्कं, पण थंडीत लवकर ताठ होणारं. ईपीडीएमला आता मी फक्त सिलिकॉन ग्रीस लावतो. सिलिकॉन रबराला मात्र ते लावू नका, तिथे तेच फुगवतं.

दुसरी रिंग पेरॉक्साइड क्युअर्ड, म्हणजे पेरॉक्साइडवर पिकवलेल्या ईपीडीएमची घेतली. मागवताना हे शब्द मुद्दाम सांगावे लागतात, कारण सल्फरवर पिकवलेलं ईपीडीएमही त्याच नावाने येतं आणि उष्णतेत ते लवकर दबून बसतं. साडेपाच महिन्यांनी हीच रिंग काढून मोजली तर ५.१ मिलिमीटर, म्हणजे सेट २२ टक्क्यांच्या आसपास. वाकवली की झटक्यात सरळ होत होती. त्या दिवशी मला मनापासून आनंद झाला.

प्रेसवर नायट्राइलच बरोबर आहे आणि तिथे ते बदलायचा विचारही करू नये. त्रास होता तो कडकपणाचा. शोअर हे रबराच्या कडकपणाचं माप, आणि ७० शोअरची रिंग जास्त दाबाखाली फटीत ढकलली जायची आणि तिच्या कडेचे बारीक तुकडे उडालेले दिसायचे, उंदराने कुरतडल्यासारखे. ९० शोअरची रिंग आणि तिच्यामागे तिला फटीत जाऊ न देणारी टेफ्लॉनची बॅकअप रिंग घातल्यापासून ते थांबलं.

वाफेच्या व्हॉल्व्हला मी हौसेने एफकेएम, म्हणजे फ्लोरिन असलेलं रबर बसवलं होतं. याला सगळे व्हायटॉन म्हणतात, पण ते ड्यूपाँटने १९५७ मध्ये आणलेल्या रबराचं व्यापारी नाव आहे. २०० अंश सोसणारं, सगळ्यांत महाग, म्हणजे वाफेला उत्तमच असणार असं वाटलं. तीन महिन्यांत ते कडक होऊन तडकलं. एफकेएम गरम तेलात आणि इंधनात अप्रतिम आहे, पण त्याच्या साध्या ग्रेडना वाफ खाते. ॲसिटोन आणि ग्लायकॉलचं ब्रेक ऑइल तर त्याला अजिबात चालत नाही. तिथेही आता पेरॉक्साइडचं ईपीडीएम आहे, वाफ १३० अंशांची आहे आणि अजून थेंब नाही. म्हणून आता मी आधी विचारतो की हे रबर कशात भिजणार आहे. अंशांचा प्रश्न त्यानंतर.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. आगीत किंवा अती उष्णतेत जळालेलं एफकेएम उघड्या हाताने उचलू नका. त्यातून हायड्रोफ्लुओरिक आम्ल निघतं. ते कातडीतून आत शिरतं आणि जखम दिसण्याआधीच इजा करून जातं.

पॅनेलच्या झाकणाबद्दल थोडक्यात: नायट्राइलची पट्टी जिथे कोपऱ्यावर ताणून वळवली होती तिथेच ओझोनने आडव्या भेगा पाडल्या. ईपीडीएमच्या स्पंज पट्टीने काम झालं. सिलिकॉनही चाललं असतं, पण ते ओरखड्याने फाटतं आणि ते झाकण रोज उघडतं.

हातात काळी रिंग आली की ती कशाची हे डोळ्यांनी कळत नाही. रंगाचा कुठलाही सक्तीचा नियम नाही, तपकिरी म्हणजे एफकेएमच असं धरून चालू नका. मी एकाच साइजच्या दहा-दहा रिंगा काट्यावर ठेवतो. एफकेएमची घनता १.८ च्या वर, बाकीच्यांची बहुतेक १.१ ते १.३, त्यामुळे फरक लगेच दिसतो. नायट्राइल की ईपीडीएम असा प्रश्न पडला तर एक तुकडा दिवसभर हायड्रॉलिक तेलात बुडवून ठेवतो. फुगला तर ईपीडीएम.

स्टोअरमध्ये आमच्याकडे रिंगा खिळ्याला टांगलेल्या असायच्या. खिळ्यावर ताणलेला भाग भिंगातून पाहिला तर वापरण्याआधीच तडे दिसले, कारण शेजारीच वेल्डिंग चालायचं आणि त्यातून ओझोन निघतो. रबराच्या साठवणुकीच्या आयएसओ २२३० या आंतरराष्ट्रीय मानकात नायट्राइलला ७ वर्षं आणि ईपीडीएम, एफकेएम, सिलिकॉनला १० वर्षं दिलेली आहेत, पण ती अंधारात, २५ अंशांच्या आत आणि न ताणता ठेवलेल्या मालाची. खिळे काढून टाकले. आता प्रत्येक रिंग बंद पिशवीत सपाट ठेवलेली असते आणि पिशवीवर रबराचं नाव, शोअर आणि बनवल्याची तिमाही लिहिलेली असते.