३९/८ क्राउन-पिनियन: ट्रॉली ओढणाऱ्या जुन्या जीपसाठी

वाई-पाचगणीच्या पसरणी घाटात मागे ट्रॉली असली की ४.११ची (अ‍ॅक्सलमधला पिनियन ४.११ वेळा फिरला की चाक एकदा फिरतं) जुनी जीप तिसऱ्या गिअरात दम टाकते, दुसऱ्यात नुसती ओरडते. तिथे ३९/८चा, म्हणजे क्राउन या मोठ्या गिअरला ३९ आणि पिनियन या छोट्याला ८ दात असलेला ४.८८चा संच हा खरा इलाज. इंजिनाला हात न लावता चाकावरची ओढ सुमारे १९ टक्के वाढते, क्लच कमी जळतो. मोल हायवेवर मोजावं लागतं: त्याच वेगाला इंजिन २०००च्या जागी जवळपास २४०० आरपीएम. सातारा-कोल्हापूर रोज रिकामी पळणाऱ्या गाडीला हा संच घालूच नये.

बसवणी मात्र संचाहून महत्त्वाची. संचाचा डबा उघडताच दोन्ही गिअरवर कोरलेला जोडी क्रमांक जुळवा आणि दात मोजा. बॅकलॅश, म्हणजे दोन गिअरच्या दातांमधली ढिलाई, डायल गेजवर ०.१५ ते ०.२० मिमी हवा. हाताने हलवून ‘बरोबर आहे’ म्हणणाऱ्याकडे गाडी सोडू नका. पिवळी मार्किंग पेस्ट लावून फिरवलं की ठसा दाताच्या मधोमध उमटला पाहिजे. दाताच्या माथ्याकडे सरकला तर पिनियनची शिम (मागे बसणारी पातळ चकती) जाड करायची, मुळाशी बसला तर पातळ. इथे घाई झाली की घूं घूं आवाज येतो आणि मग दातच उडतात.

फोर बाय फोर असेल तर पुढचा अ‍ॅक्सलही बदलाच, नाहीतर पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसवर ताण येतो. स्पीडोमीटरचा गिअर तोच ठेवला तर काटा ६० दाखवताना गाडी खरी ५०च्या आसपास असते. अ‍ॅक्सलमधलं गिअर तेल जीएल-५ दर्जाचं, ८०डब्ल्यू-९० घट्टपणाचं. पहिले ८०० किमी ट्रॉली लावू नका, मग तेल बदला.